दोष वाणीचा की कानाचा?

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबात मूल अडीच-तीन वर्षांचे होऊनही बोलेना, म्हणजे घरात ठरावीक क्रमाने सल्ल्यांची रांग लागते. आजी म्हणते, याचा बापही उशिराच बोलला होता. शेजारी म्हणतात, घरात तीन-तीन भाषा कानांवर पडतात, पोर गोंधळले असेल. शेवटी कोणी जाणता गृहस्थ निकाल देतो, की घरातली मराठी बंद करा आणि शाळेत जी चालणार आहे तीच एक भाषा बोला. हा सल्ला शेजारधर्मापुरता राहिला असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु तो बालवाड्यांतून ऐकू येतो, दवाखान्यांतून ऐकू येतो, आणि वाणीच्या दोषांचे शास्त्र शिकून ज्यांनी पदवी घेतली आहे अशांच्या तोंडूनही क्वचित् ऐकू येतो. आपली सुशिक्षित, अधिकारपदावरची मंडळी तो निमूटपणे, किंबहुना काहीशा समाधानाने, पाळतात. हा सल्ला अशास्त्रीय आहे आणि तो पाळणाऱ्या मराठी माणसाला त्याची लाज वाटावयास हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या सल्ल्याचे कुळ जुने आहे. १९२३ साली वेल्समध्ये डी. जे. सेअर यांनी वेल्श व इंग्रजी अशा दोन भाषा बोलणाऱ्या मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या आणि खेड्यांतील द्विभाषिक मुले एकभाषिकांच्या मागे असल्याचे अनुमान काढले. पुढे कित्येक वर्षे हे अनुमान शिक्षकांच्या व वैद्यांच्या डोक्यात घर करून राहिले. मुलांच्या घरची परिस्थिती, त्यांची शाळा, परीक्षेची भाषा यांचा विचार या जुन्या चाचण्यांतून नीट होत नसे. १९६२ साली माँट्रियल येथे एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी सामाजिक स्थिती समान असलेली दहा वर्षांची मुले घेऊन पुन्हा तुलना केली, तेव्हा द्विभाषिक मुले मागे नव्हेत, उलट पुढे असलेली आढळली. त्यानंतरच्या संशोधनाने हे पुरेसे स्पष्ट केले आहे, की दोन भाषा कानांवर पडल्याने मुलास भाषेचा विकार जडत नाही. ज्यास तो असतो त्यास तो दोन्ही भाषांत असतो, आणि एक भाषा काढून घेतल्याने दुसरी सुधारत नाही. डाउन सिंड्रोम असलेली मुलेही आपापल्या कुवतीप्रमाणे दोन भाषा शिकू शकतात. इतके असूनही १९२३ चे भूत आमच्या बैठकीच्या खोलीत अद्याप पाय पसरून बसलेले आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच घातक आहे. मुलाला खरोखरीच कमी ऐकू येत असते, आणि 'दोन भाषा आहेत, उशीर व्हायचाच' या समजुतीवर आईबाप वर्ष-दीड वर्ष घालवितात. बहिऱ्या मुलाच्या आयुष्यातील पहिली तीन वर्षे म्हणजे भाषेच्या पेरणीचा हंगाम होय. तो हुकला तर पुढे कितीही पाणी घाला. तेव्हा मूल बोलत नसेल तर प्रथम त्याचे कान तपासा, आणि मग त्याच्या सर्व भाषांतील शब्द एकत्र मोजा. दोन वर्षांच्या मुलाला मराठीत वीस आणि तमिळमध्ये तीस शब्द येत असतील, तर त्यातील एखादा अर्थ दोहोंकडे आला आहे काय ते पाहूनही, त्याची पुंजी वीसच आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणास पोचत नाही.

हा प्रश्न केवळ नागपुराहून चेन्नईस बदलून आलेल्या बँक-अधिकाऱ्याच्या मुलाचा नव्हे. तो किती खोल आहे हे पाहावयाचे तर कुंभकोणमहून मायिलाडुतुरैच्या वाटेवर असलेल्या आडुतुरै या गावी चलावे. भाताच्या शेतीत ज्यांना रस आहे त्यांस हे नाव ठाऊक असेल, कारण १९२२ सालापासून तेथे भातसंशोधनाचे केंद्र आहे आणि 'ए.डी.टी.' ही अक्षरे लावून निघालेली भाताची वाणे कावेरीच्या सबंध त्रिभुज प्रदेशात पेरली जातात. आपणा मराठी लोकांस मात्र या परिसराची ओळख दुसऱ्या कारणाने असावयास हवी. शेजारच्याच तिरुविडैमरुदूर येथे तंजावरच्या गादीवरून १७९८ साली दूर केलेले अमरसिंह राजे राहत असत. तंजावरचे मराठी राज्य १८५५ साली संपले, परंतु त्या राज्याबरोबर आलेली माणसे परत गेली नाहीत. त्यांच्या घरांतून आज तीनशे वर्षांहून अधिक काळ एक मराठी बोलली जाते. तीत तमिळ शब्द मिसळले आहेत, तिचे हेल तमिळच्या अंगाने वळले आहेत, आणि बहुतेक घरांत ती लिहिली जात नाही, नुसती बोलली जाते.

अशा एखाद्या आडुतुरैच्या घरातील मुलगी वाणी व श्रवण यांच्या पदवीच्या अभ्यासासाठी चेन्नईस गेली आहे असे समजू. ही मुलगी आम्ही केवळ उदाहरणासाठी उभी केली आहे. तथापि तिचा दिनक्रम आम्ही कल्पनेतून काढलेला नाही, या अभ्यासक्रमाचे जे स्वरूप आहे त्यातूनच तो आला आहे. 'बॅचलर ऑफ ऑडिऑलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी' असे लांबलचक नाव असलेली ही पदवी चार वर्षांची असून शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ साली स्थापन झाली आणि मुंबईतही त्याच दशकात नायर रुग्णालयात हे शिक्षण सुरू झाले. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेची वैधानिक पायाभरणी झाली व तीकडे नोंदणी केल्याविना हा व्यवसाय करता येत नाही. एवढा साठ वर्षांचा इतिहास असूनही आपल्या घरांतून 'मुलगी काय शिकते?' या प्रश्नाला हे उत्तर दिले, की ऐकणाऱ्याचा चेहरा कोरा राहतो आणि पाठोपाठ 'म्हणजे डॉक्टर नव्हे ना?' असा प्रश्न येतो. असो.

सकाळी ती बाह्यरुग्ण विभागात असते. आवाज बाहेर वा आत न येऊ देणाऱ्या खोलीत रुग्णाला बसवून, कानांवर यंत्राचे गोळे ठेवून, २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ती एकामागून एक हळू करीत जाते. ऐकू आला की रुग्णाने बोट वर करावयाचे. उजवा कान तांबड्या वर्तुळाने आणि डावा निळ्या फुलीने कागदावर मांडावयाचा. मग शब्दांची पाळी. दोन-दोन अक्षरी शब्दांची यादी वाचावयाची आणि रुग्णाने त्यांचा पुनरुच्चार करावयाचा. येथेच पहिली ठेच आहे. साताऱ्याहून मुलाकडे राहावयास आलेल्या आजीबाईंना तमिळ शब्दांची यादी वाचून दाखविली, आणि त्या गप्प राहिल्या, तर त्यांना ऐकू आले नाही की ऐकू आलेले ओळखीचे नव्हते, हे त्या कागदावरून कोण सांगणार?

दुपारी उपचाराचे तास. त्यासाठी खेळण्यांची पिशवी: बाहुली, मोटार, आरसा, फुंकायच्या नळ्या, चित्रांचे पत्ते. बसमध्ये ही पिशवी घेऊन चढणाऱ्या मुलीस लोक खेळणी विकणारी समजतात, ते तिने हसून सोडून द्यावे. एका मुलाचा टाळू जन्मतः दुभंगलेला होता, शस्त्रक्रियेनंतर त्याला 'प' आणि 'ब' यांसाठी तोंडात हवा दाबून धरावयास शिकवावयाची असते. दुसरा अडखळत बोलतो. त्याचे अडखळणे मोजण्यासाठी हातात घड्याळ घेऊन बसावे लागते, आणि मोजताना आपल्या चेहऱ्यावर घाई दिसणार नाही याची काळजी घ्यावी लागते. तिसरे गृहस्थ पक्षाघातानंतर वाचा हरपलेले. कालपर्यंत कचेरीत हुकूम सोडणारा हा माणूस आज 'चमचा' म्हणावयास जातो आणि 'किल्ली' म्हणतो, आणि आपण चुकलो हे त्याला कळते. प्रत्येक तासाचे टिपण आदल्या दिवशी लिहावयाचे, झाल्यावर पुन्हा लिहावयाचे, आणि अध्यापकांची सही घेतल्याखेरीज तो तास हिशेबात धरला जात नाही.

रात्र ध्वनिलेखनाची. मुलाशी दहा मिनिटे मारलेल्या गप्पांचे ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून, प्रत्येक उच्चार आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उतरवावयाचा. दहा मिनिटांना कित्येक तास लागतात. या कामात आमच्या आडुतुरैच्या मुलीचा कान वर्गातील इतर सर्वांपेक्षा तयार आहे. तमिळमधील ल, ळ आणि तिसरा तो मूर्धन्य 'ழ' जाणूनबुजून वेगळे ऐकणे तिला उपजत आहे. आणि घरच्या मराठीमुळे 'क' आणि 'ख' यांतील श्वासाचा भेद, जो तमिळमध्ये अर्थ बदलत नाही, तोही तिच्या कानाला कळतो. 'चार' या संख्येतला च आणि गुरांच्या 'चारा' मधला च हे मराठीत दोन निराळे ध्वनी आहेत. लिहिताना आपण ते एकाच अक्षराने लिहितो म्हणून मराठी माणसालाही ते सांगावे लागतात. ज्याला हे ठाऊक नाही असा परीक्षक मराठी मुलाच्या 'चारा' ला सरळ उच्चारदोष म्हणून नोंदवील. आणि तमिळ शेजारात वाढलेले मूल 'घर' मधला घ सैल करून 'गर' म्हणाले, तर त्याच्या जिभेला कोणता रोग झाला, हे शोधण्यास तो तासन्‌तास आरशासमोर बसवील.

बोलीभेद आणि वाणीचा विकार या दोन गोष्टी भिन्न आहेत हे काही आमचे भावनेच्या भरातले मत नव्हे. अमेरिकेतील वाक्-श्रवण तज्ज्ञांच्या संघाने १९८३ सालीच अशी भूमिका घेतली, की इंग्रजीची कोणतीही बोली हा विकार वा रोगट भाषा नव्हे. आपल्याकडील २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा वाणी व भाषेच्या अक्षमतेची व्याख्या करताना शारीरिक अथवा मज्जासंस्थेच्या कारणांतून आलेली कायमची अक्षमता अशीच करतो. पूर्वज तंजावरास गेले, हे कारण त्या व्याख्येत कोठेही बसत नाही.

हे आडुतुरैच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कुरुवैच्या हंगामातील भात शंभर-सव्वाशे दिवसांत कापणीस येते. सांबाचे वाण त्याहून अधिक दिवस घेते. सांबाचे शेत शंभराव्या दिवशी हिरवे दिसले म्हणून त्याला कोणी रोगट म्हणत नाही आणि औषधही फवारीत नाही. कोणते वाण, कोणती माती, कोणता हंगाम, हे आधी विचारले जाते आणि मग रोग शोधला जातो. भाताला जो न्याय मिळतो तो मुलाला मिळू नये काय?

रुग्णपत्रिकेवर 'मातृभाषा' असा एक रकाना असतो. पुष्कळदा तो पत्त्यावरून भरला जातो: गाव आडुतुरै, म्हणून मातृभाषा तमिळ. वास्तविक तंजावरात, याच मुलुखात, दुसऱ्या सरफोजी राजांनी मोतीबिंदूच्या रुग्णांची टिपणे व त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे करवून ठेवली होती. ती सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. दोनशे वर्षांपूर्वी डोळ्याच्या प्रत्येक रेषेची दखल घेतली गेली, आणि आज तोंडातल्या भाषेची दखल घ्यावयास आपणास सवड नाही.

आता आमच्या रोषाचा अधिक मोठा वाटा ज्यांच्याकडे जातो त्यांच्याकडे वळू. ही मुलगी वर्गात 'माझी मातृभाषा मराठी' असे म्हणते, आणि तिचे दोन वाक्यांचे मराठी ऐकून हसतात ते तमिळ विद्यार्थी नव्हेत. त्यांना त्यातले काही कळतच नाही. हसतात ती पुण्या-मुंबईकडून आलेली आमची मुले. 'ही कसली मराठी!' असे म्हणणाऱ्या या मुलांना हे कोणी शिकविले? आमच्या मंडळांनी शिकविले. आमच्या स्नेहसंमेलनांतून तंजावरी उच्चाराची नक्कल हा हुकमी हशाचा विषय असतो, आणि पहिल्या रांगेत बसून टाळ्या देणारे आपण असतो. मराठी रंगभूमीचा जन्म आपण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांपासून मोजतो. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी तंजावरचे शहाजीराजे मराठी नाटके लिहीत होते, हे टाळ्या देताना आठवत नाही. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीतच कोरला गेला. आणि परप्रांतात मोठ्या पदांवर गेलेल्या मराठी अधिकाऱ्यांचा आपण अभिमान बाळगतो, तर त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. त्या घरची बोली हीच तंजावरी होती. माधवरावांसमोर उभे राहून 'ही कसली मराठी' म्हणण्याची छाती आपल्यापैकी किती अव्वल सचिवांना झाली असती?

ज्या बोलीला आपणच वैगुण्य म्हणून हिणवितो, तिला उद्या एखादा परीक्षक विकार म्हणून नोंदवू लागला तर तक्रार कोणत्या तोंडाने करावी? त्याने शास्त्राचा अपराध केला असेल. आपण तर त्याला आधीच साक्ष देऊन ठेवली आहे.

आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. भारतात इतक्या भाषा, एका चिकित्सकाने किती शिकाव्या? चेन्नईतील तरुण मुलीने तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी बोलणारे रुग्ण सांभाळून शिवाय तंजावरी मराठी कोठून आणावी? आमचे म्हणणे असे नाही, की तिने ती शिकावी. परंतु भाषा येत नसतानाही न्याय्य परीक्षा करण्याच्या रीती या शास्त्रात आहेत आणि त्या वर्गात शिकविल्याही जातात. मुलाची तुलना दूरच्या शहरातील मुलांशी न करता त्याच घरातील भावंडांशी करता येते. आईला विचारता येते, की तुमच्या इतर मुलांच्या मानाने हे कसे वाटते. या प्रश्नाचे उत्तर देण्यास आईला कोणतीही पदवी लागत नाही. मुलाला नवे शब्द शिकवून ते किती वेगाने उचलते हे पाहता येते; जे येत नाही ते मोजण्यापेक्षा जे शिकता येते ते मोजणे अधिक प्रामाणिक आहे. दुभाषा बसविता येतो. वेळ लागतो, हे खरे. पण घाईने दिलेले 'मराठी बंद करा' हे फर्मान निस्तरावयास त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो, आणि तो वेळ चिकित्सकाचा नसून मुलाचा असतो.

दुसरा आक्षेप आमच्याच घरातला आहे. 'मराठीचा मुलाला पुढे उपयोग काय? इंग्रजीत नोकरी, तमिळमध्ये बाजार.' यास आमचे उत्तर उपयोगाच्याच भाषेत आहे. लहान मुलाशी आईबापांनी ज्या भाषेत अंगाई, रुसवा, धाक आणि लाड सहज करता येतात त्या भाषेत बोलावे, कारण भाषा वाढते ती भरपूर आणि जिवंत बोलण्याने. कामापुरत्या इंग्रजीत मुलाशी बोलणाऱ्या आईकडून मुलाला कामापुरतीच भाषा मिळते. शिवाय वाचाघाताचा विचार करा. मेंदूला इजा झाल्यावर अनेक भाषा जाणणाऱ्या माणसाची कोणती भाषा आधी परतते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापासून चर्चिला जात आहे. रिबो यांचे म्हणणे होते, की लहानपणची भाषा आधी परतते. १८९५ साली पित्र यांनी म्हटले, की सर्वांत अधिक सरावाची. दोन्ही प्रकारचे रुग्ण आढळले आहेत, आणि काहींच्या सर्वच भाषा सारख्या परततात. आज कचेरीत इंग्रजीचा दिमाख मिरविणारे आपण, उद्या चेन्नईच्या एखाद्या रुग्णालयात पडलो आणि आपल्याजवळ उरली ती फक्त आईची मराठी, तर त्या खाटेशी बसलेला आपला मुलगा तिचे काय करील? दुभाष्याला फोन करील?

म्हणून आम्हांस सुचते ते फार थोडे आणि स्वस्त आहे. मुंबईच्या संस्थांतून मराठी शब्दयाद्या झाल्या आहेत, पण त्या मुंबईच्या कानासाठी आहेत. तंजावर, कुंभकोणम, आडुतुरै या पट्ट्यातील घरांतून आजी-आजोबांचे आणि नातवंडांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. घरातील वस्तूंची, नात्यांची, खाण्याच्या पदार्थांची बोलीतील नावे जमवावीत. आणि हे काम या विषयाच्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन देऊन सोपवावे. आडुतुरैच्या मुलीला तिच्या बोलीची लाज वाटण्याऐवजी तिचा मोबदला मिळावा. एका वर्षाच्या गणेशोत्सवात ध्वनिक्षेपकावर जो खर्च होतो, त्याच्या एका हिश्श्यात हे भागेल असा आमचा अंदाज आहे. आणि मंडळाच्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी बोलण्यास उशीर झालेले मूल आहे, त्यांनी रुग्णपत्रिकेवरील तो रकाना स्वतःच्या हाताने, सर्व भाषांची नावे लिहून, भरावा; कारकुनावर सोपवू नये.

हे आम्ही मंडळाच्या पुढील सभेसाठी लेखी दिले आहे. कार्यक्रमपत्रिकेत नाट्यप्रयोगाच्या खर्चास मंजुरी हा विषय पहिला आहे आणि सहलीचा दुसरा. आमचा विषय 'आयत्या वेळचे विषय' या सदरात घेतला जाईल असे चिटणिसांनी कळविले आहे.